जनावरांची बोली, डुकरांचं व्याकरण : 'अ‍ॅनिमल फार्म'च्या मराठी अभिवाचनाच्या नोंदी

४ जून

काम ठरलं : जॉर्ज ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'चं ८० मिनिटांचं मराठी अभिवाचन. गोष्ट अशी : मेजर या म्हाताऱ्या डुकराच्या भाषणाने पेटून प्राणी बंड करतात, मालक जोन्सला हाकलतात, भिंतीवर सात नियम लिहितात, आणि कारभार हळूहळू नेपोलियन हा डुक्कर आणि त्याचे कुत्रे यांच्या हाती जातो. एक निवेदक, सहा वाचक. वेशभूषा नाही, मुखवटे नाहीत. मागे फक्त एक काळा पडदा, आणि तो का हवा ते पुढे येईलच. वाचक बसूनच वाचणार. त्यामुळे कोण बोलतंय हे श्रोत्याला केवळ भाषेवरून कळलं पाहिजे. आवाज बदलून भागणार नाही, वाक्याची घडण बदलावी लागेल.

हक्कांचं आधी पाहून घेतलं. ऑर्वेल २१ जानेवारी १९५० ला गेला. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं मोजतात, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून मूळ इंग्रजी मजकूर आपल्याकडे खुला आहे. मराठी भाषांतरांचे हक्क मात्र त्या त्या भाषांतरकाराकडे असतात. म्हणून संहिता मुळावरून नव्याने करायची. कुठल्याही छापील मराठी पुस्तकातली वाक्यं उचलायची नाहीत.

पद्धत अशी. दहाही प्रकरणांतलं प्रत्येक थेट बोलणं वेगळ्या चिठ्ठीवर उतरवायचं आणि चिठ्ठीवर पाच रकाने ठेवायचे : कोण बोलतं, कुणाला उद्देशून, प्रश्न की विधान की हुकूम, सर्वनाम कोणतं, आणि बोलताना कुत्रे जवळ आहेत का. शेवटचा रकाना सुरुवातीला काहींना अनावश्यक वाटला. चिठ्ठ्या लावून पाहिल्यावर सगळ्यांत उपयोगी तोच ठरला. पाचव्या प्रकरणानंतर स्क्वीलर, नेपोलियनच्या वतीने बोलणारा डुक्कर, मोक्याच्या ठिकाणी बोलतो तेव्हा दोन-तीन कुत्रे 'योगायोगाने' सोबत असतात. त्याचा युक्तिवाद किती पटला आणि गुरगुरणं किती पटलं, हे जनावरांनाही वेगळं करता येत नाही.

९ जून

पात्रांची पहिली ओळख करून द्यायची ती त्यांच्या वाचण्यावरून. तिसऱ्या प्रकरणात कुणाला किती वाचता येतं याची जंत्री आहे, आणि पुढे ज्याचं जे होतं ते तिथेच पेरलेलं आहे. डुकरांना सगळं वाचता येतं. कुत्र्यांना बऱ्यापैकी येतं, पण भिंतीवरच्या सात नियमांपलीकडे त्यांना काही वाचायचं नसतं. म्यूरिएल शेळी त्यांच्याहून सरस, कचऱ्यातले वर्तमानपत्राचे तुकडे इतरांना वाचून दाखवते. बेंजामिन गाढवाला डुकरांइतकंच येतं, पण तो वाचत नाही. क्लोव्हर घोडीला सगळी अक्षरं येतात, शब्द जुळवता येत नाहीत. बॉक्सर घोडा चार अक्षरांवर अडतो. पुढची चार शिकला की आधीची चार विसरलेला असतो.

मराठीत बॉक्सरला कोणती चार द्यायची? क ख ग घ दिले तर पुढचं ङ हे लहान मुलांनाही अडतं, आणि घोड्याचा दोष वर्णमालेवर जातो. म्हणून अ आ इ ई. पुढची चार उ ऊ ए ऐ. खुराने मातीत 'ई' काढून, कान मागे टाकून तो त्या अक्षराकडे बघत राहतो, हे दृश्य निवेदकाने अजिबात घाई न करता वाचायचं.

मॉली घोडीची अडचण वेगळीच निघाली. इंग्रजीत ती फक्त स्वतःच्या नावाची सहा अक्षरं शिकायला तयार होते. मराठीत 'मॉली' दोनच अक्षरांत संपते. आकडाच गाळला. 'मॉलीने स्वतःच्या नावापुरती अक्षरं शिकून घेतली' एवढं पुरतं. तिच्या चिठ्ठ्या थोड्या आहेत आणि सगळ्या स्वतःबद्दलच्या : बंडानंतर साखर मिळेल का, आयाळीला रिबिनी बांधता येतील का. ती पुस्तकातून लवकर जाते. तिच्यावर जास्त वेळ घालवायला नको.

मांजर मात्र सोडवेना. पहिल्या सभेत उंदीर मित्र की शत्रू यावर मतदान होतं तेव्हा तिने दोन्ही बाजूंनी मत दिलेलं असतं. पुढे ती छपरावर बसून, पंजाच्या टप्प्यापलीकडच्या चिमण्यांना सांगते की आता सगळे प्राणी बंधू आहेत, या बसा माझ्या पंजावर. स्क्वीलरचं सगळं शास्त्र इथे एका वाक्यात आहे. ही दोन्ही ठिकाणं ठेवली.

१३ जून

म्हातारा मेजर आणि स्क्वीलर हे दोघेही समूहापुढे बोलतात, दोघेही प्रश्न विचारतात. पहिल्या वाचनात दोघे एकसारखे ऐकू आले. हे चालणार नाही, कारण सगळी गोष्ट या दोघांच्या फरकावर उभी आहे.

दोघांच्या चिठ्ठ्या शेजारी लावल्या. मेजर एकेकाकडे वळून, मोजता येईल असं काही विचारतो. गाईंना विचारतो की वर्षभर दिलेलं दूध गेलं कुठे. कोंबड्यांना विचारतो की अंड्यांतून पिल्लं किती निघाली. क्लोव्हरला विचारतो की तुझी चार शिंगरं कुठे आहेत. प्रत्येक प्रश्नाचं उत्तर ऐकणाऱ्याच्या अंगावर आहे, ते त्याला कुणी शिकवावं लागत नाही. स्क्वीलरच्या प्रश्नाचं उत्तर तो स्वतःच ठरवून आणतो : जोन्स परत यावा असं कुणाला वाटतं का?

त्यामुळे मेजरसाठी नियम केला की प्रश्नानंतर थांबायचं आणि ज्याला विचारलं त्याच्याकडे बघायचं. स्क्वीलरने प्रश्नाला लागूनच पुढचं वाक्य सुरू करायचं. श्वाससुद्धा प्रश्नाच्या मध्ये घ्यायचा, शेवटी नाही. मेजरची वाक्यं गावच्या वडीलधाऱ्याची ठेवली : 'बाई, तुझी चार शिंगरं कुठं गेली गं?' त्याला 'तू' शोभतं. स्क्वीलर कुणालाच 'तू' म्हणत नाही.

मेजरच्या भाषणात एक धोकाही आहे, आणि तो पुसायचा नाही. सगळी माणसं शत्रू, सगळे प्राणी मित्र, हे वाक्य त्याचंच. ते बोलून होतं न होतं तोच कुत्रे उंदरांवर झडप घालतात.

१८ जून

आज सगळा दिवस दूध आणि सफरचंदं.

तिसऱ्या प्रकरणात कळतं की दूध रोज डुकरांच्या आंबोणात जातं, आणि गळून पडलेली सफरचंदंही त्यांनाच. स्क्वीलर खुलासा करायला येतो. या भाषणाचे सांधे सुटे केले तर सात निघतात : कॉम्रेड अशी हाक, 'आम्ही स्वार्थासाठी करतो असं वाटलं की काय' हा लाजवणारा प्रश्न, आम्हाला तर हे आवडतही नाही ही त्यागाची गोष्ट, विज्ञानाने सिद्ध केलं आहे, आम्ही डोक्याने काम करणारे, तुमच्यासाठीच पितो, आणि शेवटी जोन्स. पुढची त्याची बरीच भाषणं याच साच्यातून निघतात. फक्त त्यागाच्या जागी कधी आकडे येतात, कधी कागदपत्रं.

मराठीत खरा पेच सर्वनामाचा. इंग्रजीत 'आपण' आणि 'आम्ही' यांना एकच शब्द आहे. मराठीत बोलणाऱ्याला कबूल करावंच लागतं की ऐकणारा आत आहे की बाहेर. पहिल्या खर्ड्यात सरसकट 'आम्ही' घातलं. भाषण इतकं उर्मट झालं की कुठल्याही गाईने उठून विचारलं असतं. दुसऱ्या खर्ड्यात सरसकट 'आपण' केलं, तर दूध सगळ्यांनीच प्यायल्यासारखं झालं. शेवटी प्रत्येक वाक्याला एकच प्रश्न लावला : इथे काय वाटलं जातंय? खायचं असेल तर 'आम्ही', भ्यायचं असेल तर 'आपण'.

ठरलेला मजकूर :

'आम्हा डुकरांपैकी कितीतरी जणांना दूध, सफरचंदं आवडतसुद्धा नाहीत. मला स्वतःला नाही आवडत. पण आपल्या या फार्मचा सगळा कारभार आमच्या डोक्यावर आहे. तुमच्यासाठी, कॉम्रेड, तुमच्यासाठी आम्ही ते दूध पितो. आम्ही चुकलो तर काय होईल? जोन्स परत येईल! आपल्यापैकी कुणाला तरी वाटतं का, जोन्स परत यावा?'

'आम्ही ते दूध पितो' यात 'पितो'वर जोर येता कामा नये. जोर 'तुमच्यासाठी'वर. वाचकाने 'पितो' ठसक्यात म्हटलं की लोक हसतात, आणि हसले की स्क्वीलर विदूषक होतो. तो पटला पाहिजे. श्रोत्याची मान आधी हलली पाहिजे.

२२ जून

नेपोलियनच्या चिठ्ठ्या मोजक्या. त्याचं वर्णनच असं आहे की फार बोलणारा नाही, पण हवं ते करून घेणारा. पवनचक्की बांधायची का यावरच्या सभेत त्याचा प्रतिस्पर्धी डुक्कर स्नोबॉल चित्रं उभी करतो, वीज कशी येईल, आठवड्यात कामाचे तीनच दिवस कसे उरतील. नेपोलियन जेमतेम अर्धा मिनिट बोलतो, मग एक विचित्र आवाज काढतो आणि नऊ कुत्रे आत येऊन स्नोबॉलला फार्मबाहेर हाकलतात.

त्याचं पहिलं महत्त्वाचं बोलणं दुसऱ्या प्रकरणात आहे. पाच बादल्या दूध काढून ठेवलंय, या दुधाचं काय करायचं असं कुणीतरी विचारतं. नेपोलियन बादल्यांपुढे येऊन उभा राहतो आणि सांगतो की दुधाचं सोडा, त्याचं बघितलं जाईल, गवत कापणी महत्त्वाची. इंग्रजीत 'बघितलं जाईल' कर्मणी प्रयोगात आहे. कोण बघणार ते नाही. मराठीला याचं घडवलेलं साधन तयारच आहे, कचेरीच्या प्रत्येक पत्रात ते असतं : 'त्याची व्यवस्था करण्यात येईल.' हेच घेतलं. 'करण्यात येईल' हे संहितेत यानंतर फक्त डुकरांच्याच तोंडी द्यायचं, दुसऱ्या एकाही प्राण्याला नाही. बॉक्सर 'मी करीन' म्हणतो. क्लोव्हर 'करूया' म्हणते. कर्ता कोण गाळतो यावरून श्रोत्याने डुक्कर ओळखावं.

संध्याकाळी जनावरं परत येतात तेव्हा दूध नाहीसं झालेलं असतं. तिथे निवेदकानेही कर्मणी वापरायचा नाही. 'दूध नव्हतं.' बस.

२९ जून

भिंतीवरचे नियम. चार दिवस अडलं ते इथेच.

मुळात डांबर फासलेल्या भिंतीवर पांढऱ्या अक्षरांत सात नियम आहेत, तीस यार्डांवरून वाचता येतील एवढे. पुढे रात्रीतून त्यांना शेपटं फुटतात. पलंगावर झोपायचं नाही, याला 'चादरीसह' जोडलं जातं. दारूच्या नियमाला 'अति', मारण्याच्या नियमाला 'कारणाशिवाय'. इंग्रजीत हे तुकडे वाक्याच्या शेवटी येतात. रंगवणाऱ्याला जुन्या ओळीपुढे दोन-तीन शब्द चढवले की झालं.

मराठीत क्रियापद शेवटी. 'कोणताही प्राणी दुसऱ्या प्राण्याला मारणार नाही' यात 'विनाकारण' घालायचं तर ते मधेच घुसवावं लागतं, म्हणजे अर्धी ओळ खोडून पुन्हा रंगवणं आलं. शिडी, कंदील आणि पांढऱ्या रंगाचा डबा घेऊन एकट्याने रात्री करायचं काम ते नव्हे. गोष्टीची यंत्रणाच मोडते.

तोडगा जुन्या मराठीत सापडला. ओवीत आणि म्हणीत क्रियापदानंतर शब्द सहज येतो. म्हणून तिसरा ते सहावा हे चारही नियम पहिल्यापासूनच 'नये'वर संपवले :

प्राण्याने कपडे घालू नयेत.
प्राण्याने पलंगावर निजू नये.
प्राण्याने दारू पिऊ नये.
प्राण्याने प्राण्यास मारू नये.

आता शेपूट नैसर्गिक बसतं : 'पलंगावर निजू नये चादर घालून', 'दारू पिऊ नये अति', 'मारू नये कारणावाचून'. कानाला जरा जुनं वाटतं, पण नियमाला तसं वाटलेलं चालतं. म्यूरिएलने वाचताना 'नये'नंतर अर्धा क्षण थांबायचं, जणू ओळ तिथेच संपते असं तिलाही आठवत होतं.

सातवा सोपा : 'सर्व प्राणी समान आहेत.' शेवटच्या रूपात 'पण काही प्राणी जास्त समान आहेत.' 'अधिक समान' आधी लिहिलं होतं, पण ऐकताना ते गणितातलं अधिकचं चिन्ह वाटतं. 'जास्त' ठेवलं.

पडद्याचं : ८ फूट बाय ५ फूट काळं कापड, पांढऱ्या जाड कागदाची कापलेली अक्षरं, मागून टाचण्या. लांबून सहज वाचता यावं यासाठी दर १० फुटांमागे १ इंच अक्षर हा पाट्यांचा ढोबळ हिशोब. शेवटची रांग ३५ फुटांवर, म्हणून ४ इंच. पण देवनागरीत वर वेलांटी, खाली उकार, त्यामुळे ओळीला अक्षराच्या दुप्पट उंची धरावी लागते, आणि सात ओळी ५ फुटांत जेमतेमच मावतात, दाटी होते. पडद्यावर फक्त बदलणारे चार नियम ठेवले : चौथा, पाचवा, सहावा, सातवा. बाकीचे तीन निवेदक म्हणेल.

शिरोरेघेने एक काम फुकट केलं. नंतर लावलेल्या शब्दाची रेघ आधीच्या शब्दाच्या रेघेशी केसभर जुळत नाही. ती मुद्दाम जुळवायची नाही.

मुळात स्नोबॉल नियम रंगवताना 'मित्र' या शब्दाचं स्पेलिंग चुकवतो. त्यासाठी 'मीत्र'. ही चूक निवेदक उच्चारून दाखवू शकतो. 'शत्रू'चं 'शत्रु' करून पाहिलं, ते कुणाच्या लक्षातच येत नाही.

३ जुलै

मेंढ्या. सात नियम ज्यांना पाठ होत नाहीत त्यांच्यासाठी स्नोबॉलने सगळ्याचं एक वाक्य करून दिलं. हे काम प्रामाणिक हेतूने झालं होतं हे विसरू नये. पक्ष्यांनी हरकत घेतली तेव्हा त्याने पंख हे हात नव्हेत, पाय आहेत, असं लांबलचक समजावलंही. पण वाक्य एकदा इतकं लहान झालं की ते कुणाचंही हत्यार होतं. पुढे स्नोबॉलच्याच भाषणात मेंढ्या नेमक्या मोक्याला बेंबटू लागतात.

'चार पाय चांगले, दोन पाय वाईट' हे अर्थाला बरोबर आहे, पण मेंढीच्या तोंडात बसत नाही. ब आणि लांबवता येईल असा ए हवा. 'चार पाय बरे, दोन पाय बुरे.' नऊ मात्रा आणि नऊ मात्रा, दोन्ही टोकांना 'रेऽऽ'.

शेवटी हेच उलटतं : चार पाय चांगले, दोन पाय जास्त चांगले. 'चार पाय बरे, दोन त्याहून बरे' केलं तर मात्रा नऊ आणि अकरा होतात, तीन वाचक एका ठेक्यात म्हणताना अडखळतात. 'दोन पाय खरे' नऊ मात्रांत बसतं. तुलना जाते हे खरं. त्यावर वाद झाला. 'खरे' ठेवलं, कारण बदल एका अक्षराइतका लहान राहतो. मुळात स्क्वीलर मेंढ्यांना आठवडाभर वेगळं नेऊन हे शिकवतो. आठवड्यात शिकवून होईल एवढंच ते असलं पाहिजे.

८ जुलै

गोठ्याची लढाई, जोन्स माणसं घेऊन फार्म परत घ्यायला येतो तेव्हाची. एकच घटना, पाच वेळा सांगितलेली. भिंतीला लावायला तक्ता केला, कारण वाचकांचाच गोंधळ होत होता, आणि गोष्टीतल्या प्राण्यांचंही नेमकं तेच झालं आहे.

चौथ्या प्रकरणात : १२ ऑक्टोबर. स्नोबॉल पुढे धावतो, जोन्सच्या बंदुकीचे छर्रे त्याच्या पाठीवर ओरखडे काढतात, त्याला पहिल्या वर्गाचं शौर्यपदक मिळतं. पाचव्यात : त्याचा वाटा फुगवून सांगितला गेला असं पुढे कळेल. आणि शौर्य पुरेसं नाही, निष्ठा महत्त्वाची. सातव्यात : तो पहिल्यापासून जोन्सचा हेर, छर्रे लागणं हा कटाचाच भाग, आणि खरं शौर्य नेपोलियनचं. आठव्यात : पदक मिळालंच नव्हतं, उलट भित्रेपणाबद्दल ठपका बसला होता. नवव्यात : तो उघडउघड माणसांच्या बाजूने लढला, आणि पाठीवरचे ओरखडे नेपोलियनच्या दातांचे.

ओरखडे जिथे जिथे येतात तिथे पाठीवरच राहतात. जे सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं ते स्क्वीलर पुसत नाही, त्याचं कारण बदलतो. संहितेत 'पाठीवरचे ओरखडे' हे शब्द प्रत्येक वेळी जसेच्या तसे ठेवले. 'जखम', 'व्रण' असे पर्याय खर्ड्यात आले होते, ते काढले.

सातव्या प्रकरणात बॉक्सर अडतो. मी स्वतः पाहिलंय, म्हणतो. स्क्वीलरकडे सापडलेली कागदपत्रं आहेत, पण ती बॉक्सरला वाचता येत नाहीत, म्हणून उपयोग नाही. मग स्क्वीलर अगदी सावकाश, एकेक शब्द ठेवत सांगतो की नेत्याने हे निःसंदिग्धपणे, 'निःसंदिग्धपणे, कॉम्रेड', जाहीर केलं आहे. पुस्तकभर भरभर बोलणारा स्क्वीलर इथे मंद होतो. वाचकाने हा वेग नक्की पाळायचा. बॉक्सर : 'असं होय? मग गोष्ट वेगळी.' हे त्याने सुटल्यासारखं म्हणायचं, हरल्यासारखं नाही.

१४ जुलै

शब्दांची यादी, एका बैठकीत.

शिधा कमी होतो, पण स्क्वीलर 'कपात' कधी म्हणत नाही. मुळात त्यासाठी फेरजुळणी अशा अर्थाचा शब्द आहे. 'समायोजन' घेतलं. महाराष्ट्रात शिक्षकांचं समायोजन ऐकलेल्याला दुसरी टीप लागणार नाही.

रविवारचं काम पूर्णपणे ऐच्छिक, पण न येणाऱ्याचा शिधा निम्मा. 'श्रमदान' सुचवलं गेलं होतं. नको. त्या शब्दामागे आपल्याकडे खरं काम उभं आहे. 'ऐच्छिक' पुरे.

नेपोलियनने पवनचक्कीला विरोध केला तो वरवरचा डाव होता, असं सांगताना स्क्वीलर एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणतो, आणि प्राण्यांना त्याचा अर्थ नीट कळत नाही. 'डावपेच' बाद, तो कुस्तीच्या फडापासून सगळ्यांना माहीत. 'व्यूहनीती, कॉम्रेड, व्यूहनीती!' अर्धवट कळतो, विचारायची लाज वाटते.

'कॉम्रेड' तसाच ठेवला. मराठी कामगार चळवळीत तो रुळलेला आहे, आणि शेवटच्या प्रकरणात नेपोलियन ही हाकच बंद करतो, तेव्हा ती सुरुवातीपासून कानात बसलेली हवी. 'मित्रांनो' केलं असतं तर ते बंद झाल्याचं कुणाला जाणवलंही नसतं.

नेपोलियनच्या पदव्या मराठीत आपसूक आल्या, बिरुदावलीची सवय आहे : सकल प्राण्यांचे तात, मानवजातीचे कर्दनकाळ, मेंढवाड्याचे रक्षक, बदकपिल्लांचे सखा. आणि इथेच तो/ते ठरवावं लागलं. इंग्रजी निवेदनाला हा प्रश्नच नाही. आठव्या प्रकरणात सांगितलंय की आता त्याचं नुसतं नाव कुणी घेत नाही. तिथपासून प्राणी 'ते म्हणाले' म्हणतील. बॉक्सरचं 'नेपोलियनचं बरोबरच असतं' हे पाचव्या प्रकरणातलं, ते एकेरीच. आपुलकीतलं एकेरी आहे ते. निवेदक शेवटपर्यंत 'तो' म्हणणार.

स्क्वीलरचे आकडे : दोनशे, तीनशे, पाचशे टक्के वाढ. नवव्या प्रकरणातल्या यादीत ओट, गवत, सलगमपासून सुरू करून पाण्याची चव, पेंढा, आणि शेवटी पिसवा कमी झाल्या, इथवर येतो. एरवी मिनिटाला १०० ते ११० शब्द हा आपला वेग. इथे दीडपट. पिसवांपाशी थांबायचं नाही, तशाच वेगात संपवायचं.

२० जुलै

निवेदकाच्या प्रास्ताविकासाठी दोनच गोष्टी ठेवल्या.

एक. ऑर्वेलने १९४१ ते १९४३ बीबीसीच्या पूर्वेकडील सेवेत, हिंदुस्थानसाठीच्या विभागात काम केलं. युद्धकाळातली वार्तापत्रं तो इंग्रजीत लिहायचा आणि त्यांपैकी काही भाषांतर होऊन मराठीतही प्रसारित होत. प्रत्येक मजकूर सेन्सॉरखालून जायचा. ते काम सोडून लगेच १९४३ च्या अखेरीस त्याने हे पुस्तक सुरू केलं, फेब्रुवारी १९४४ मध्ये संपवलं. कोणता शब्द जाऊ देतात आणि कोणता अडवतात हे त्याने टेबलाच्या त्या बाजूने पाहिलं होतं.

दोन. पवनचक्की उडवली जाते तेव्हा आधी लिहिलं होतं की नेपोलियनसकट सगळे प्राणी जमिनीवर लोटांगण घालतात. मार्च १९४५ मध्ये, पुस्तक छपाईच्या वाटेवर असताना, त्याने प्रकाशकाला कळवून ते 'नेपोलियन सोडून सगळे' असं करून घेतलं. जर्मन सैन्य चालून आलं तेव्हा स्टालिन, ज्याच्यावर नेपोलियन बेतला आहे तो, मॉस्को सोडून गेला नव्हता, एवढा न्याय त्याला मिळावा म्हणून. ज्याच्यावर पुस्तक लिहिलं त्याच्याबद्दलही एक शब्द चुकीचा राहू द्यायचा नाही, ही काळजी आम्हाला संहितेवर शेवटचा हात फिरवताना फार उपयोगी पडली. स्क्वीलरच्या तोंडची दोन वाक्यं मुळापेक्षा जास्त दुष्ट झाली होती, ती परत सौम्य केली.

२७ जुलै

बॉक्सर. 'मी आणखी मेहनत करीन' हे त्याचं वाक्य पहिल्या खर्ड्यात 'मी आणखी राबेन' होतं. चुकीचं. राबणं म्हणणाऱ्याला आपण राबवले जातोय हे कळलेलं असतं. 'मेहनत'ही जरा शाळेच्या फळ्यावरची. शेवटी 'मी आणखी जोर लावीन'. ओढणाऱ्या जनावराचं वाक्य.

आठव्या प्रकरणात विजयाची बंदूक झाडतात तो तुकडा त्याच्यासाठी वाढवला. गुडघे रक्ताळलेले, एक नाल गेलेला, खूर फाटलेलं, मागच्या पायात डझनभर छर्रे. स्क्वीलर म्हणतो विजय झाला. बॉक्सर विचारतो, कसला विजय? शत्रूला आपल्या जमिनीवरून हाकललं ना! मग, बॉक्सर म्हणतो, आपलं होतं तेच आपल्याला परत मिळालं. हे पुस्तकातलं सगळ्यांत अचूक वाक्य चार अक्षरं येणाऱ्याच्या तोंडी आहे. त्याला ते किती अचूक आहे हे माहीत नाही, म्हणून वाचकालाही माहीत असल्यासारखं वाटू द्यायचं नाही.

२ ऑगस्ट

बेंजामिन आणि गाडी. दहा प्रकरणांत बेंजामिन फार थोडं बोलतो, 'गाढवं पुष्कळ जगतात' अशा छापाचं. नवव्या प्रकरणात बॉक्सरला न्यायला गाडी येते, बाकीचे निरोप द्यायला हात हलवावा तशा माना हलवत असतात, आणि तो पहिल्यांदा ओरडतो, पहिल्यांदा सगळ्यांसाठी वाचतो. गाडीवर घोडे कापणाऱ्याचं नाव आहे.

इथे 'खाटीक' शब्द वापरला नाही. आपल्याकडे ते एका समाजाचं नाव आहे. पाटी अशी : 'घोडे कापणारे व सरस उकळणारे. कातडी व हाडांच्या खताचे व्यापारी.' म्यूरिएल अडखळत वाचू लागते, बेंजामिन तिला बाजूला सारून वाचतो. अडखळण्यात 'सर... सर...' इतकंच म्यूरिएलला दिलं. 'सरस' म्हणजे इथे कातडी-हाडं उकळून केलेला डिंक, हे ज्याला वाचता येतं तोच सांगू शकतो.

नंतर स्क्वीलर खुलासा करतो : गाडी पूर्वी घोडे कापणाऱ्याची होती, डॉक्टरांनी विकत घेतली, पाटी पुसायची राहिली. भिंतीवरचे शब्द रातोरात बदलणारा इथे म्हणतो की शब्द बदलायचे राहून गेले. वाचकाने यातलं काहीही अधोरेखित करायचं नाही, खुलासा साध्या चांगुलपणाने द्यायचा.

९ ऑगस्ट

रंगीत तालीम झाली, ८६ मिनिटं. सहा मिनिटं काढायची होती. मोझेस कावळा सांगतो तो साखरेचा डोंगर, मेल्यावर प्राणी जिथे जातात तो, अर्धा केला, पण त्याचं परत येणं आणि रोजची बिअर ठेवली. डुकरं त्याच्या गोष्टींना खोटं म्हणतात आणि त्याला पोसतातही, एवढं पुरतं. मिनिमस या कवी डुकराची नेपोलियनवरची स्तुतिकविता चार ओळींवर आणली. बाहेरच्या माणसांशी मध्यस्थी करणाऱ्या व्हिम्पर वकिलाचा सगळा व्यवहार निवेदनात दोन वाक्यांत.

क्लोव्हरला हात लावला नाही. सातव्या प्रकरणात कबुल्या आणि हत्या झाल्यावर टेकडीवर सगळे तिला टेकून बसतात. तिच्या मनात जे येतं ते पूर्ण आणि स्वच्छ आहे, हे आपण मागितलं नव्हतं. पण लगेच लिहिलंय की हे सांगायला तिच्याकडे शब्द नव्हते. शब्दांच्या ऐवजी म्हणून ती बंडाचं जुनं गाणं म्हणू लागते. म्हणून मनातलं सगळं निवेदकाने वाचायचं, क्लोव्हरच्या वाचकाने तोंड उघडायचं नाही. मग आठ सेकंद शांतता. घड्याळावर मोजून आठ, सहा केली तर नुसती विसरल्यासारखी वाटते. नंतर तिने गुणगुणायला सुरुवात करायची, शब्दांविना. दुसऱ्या फेरीत म्यूरिएल, तिसऱ्या फेरीत सगळे.

तिसरी फेरी पूर्ण होऊ द्यायची. मग स्क्वीलर, दोन कुत्र्यांसह : विशेष फर्मानानुसार हे गाणं बंद करण्यात येत आहे. म्यूरिएल विचारते, का? तो सांगतो, आता त्याची गरज उरलेली नाही, बंड पूर्ण झालं. पुस्तक लिहून संपलं त्याच १९४४ साली सोव्हिएत संघाने 'इंटरनॅशनल' हे कामगार चळवळीचं गाणं बाजूला करून नवं राष्ट्रगीत घेतलं.

'बंद करण्यात येत आहे' याचा ताण तालमीत बरोबर आला. फक्त मेंढ्या एक मात्रा उशिरा शिरतात. म्यूरिएलचं 'का?' हवेत असतानाच 'चार पाय' सुरू झालं पाहिजे. उद्या तेवढंच पुन्हा.